मनुस्मृती जाळली, पण कोडाचा रकाना राहिला

२५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली, हे आपल्या वस्तीतल्या पाचवीतल्या पोरालाही पाठ असते. त्या ग्रंथात काय होते असे विचारले की शूद्रांना शिक्षा, स्त्रियांना बंदी एवढे आपण पटापट सांगतो. पण त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, लग्न कोणत्या कुळाशी करू नये याची एक यादी आहे, ती फारशी कोणी वाचत नाही. गायी, शेळ्या-मेंढ्या, धन, धान्य यांनी घर कितीही भरलेले असो, दहा प्रकारची कुळे टाळावीत असे मनू सांगतो. त्या दहांत क्षय असलेले कुळ आहे, फेफरे असलेले आहे, कुष्ठ असलेले आहे आणि श्वित्र असलेलेही आहे. श्वित्र म्हणजे कोड. अंगावरचे पांढरे डाग.

आता आपल्याच समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म काढून बघा. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो, सुरुवातीला त्रिसरण-पंचशील आणि फॉर्मवर शिक्षण, नोकरी, उंची, रंग यांच्याखाली एक रकाना: ‘शारीरिक व्यंग किंवा आजार असल्यास’. आम्ही तो रकाना दोनदा भरला आहे. दोन्ही वेळा खरे लिहिले, ‘हातावर व ओठाजवळ पांढरे डाग’. दोन्ही वेळा आमचा फॉर्म गठ्ठ्यात तळाशी गेला. एका संयोजकांनी तर प्रेमाने बाजूला घेऊन सांगितले, ‘भाऊ, तुमच्यासारख्यांचा वेगळा मेळावा असतो, तिकडे बघा.’ जयभीम करून आम्ही बाहेर आलो. वेगळा पाणवठा ऐकला होता, वेगळा मेळावा तेव्हा ऐकला.

मित्रहो, आम्ही खडकवासल्याचे. धरणाच्या भिंतीपासून चालत पंधरा मिनिटांवर आमची वस्ती. पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. इथली पोरे पहाटे उठून रस्त्याने धावतात, कारण लहानपणापासून समोर तेच दिसते. आम्हीही धावायचो. एकोणीस वर्षांचे असताना उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर चुन्याचा हात पुसावा तसे डाग आले. महिन्याभरात एक ओठाच्या कोपऱ्यात आला. दुखत नव्हते, खाजत नव्हते. ज्याला दुखत नाही तो आजार कसला, म्हणून आम्ही धावत राहिलो.

भरतीच्या तयारीत आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या एका मित्राने एनडीए परीक्षेच्या जाहिरातीमागचे वैद्यकीय निकष आणून दाखवले. झाकलेल्या भागावर थोडासा डाग असेल तर चालू शकते, पण उघड्या भागावर असेल तर तो किरकोळ असला तरी उमेदवार घेऊ नये, असा त्याचा अर्थ होता. आमचे डाग हातावर आणि तोंडावर. म्हणजे सदरा घातल्यावर जे दिसते तेच नेमके नको. डागामुळे पळण्याचा वेग कमी होत नाही, नेम चुकत नाही, नजर अधू होत नाही. डागाच्या जागी ऊन जास्त लागते हे खरे, पण ते झाकलेल्या डागालाही उघडे केल्यावर लागतेच. मग ‘दिसतो’ हा निकष कशासाठी? सैन्याकडे याचे काही उत्तर असेलही. ते मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

आणि आपल्याला तो हक्क नवा नाही. महारांची लष्करातली भरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली तेव्हाही कारण शौर्याचे नव्हते, ‘लढाऊ जाती’ नावाच्या कल्पनेचे होते. सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीने बंदूक चालवून दाखवली होती, तरी पुढच्या पिढीला दार बंद. त्याविरुद्ध आपल्याच पुण्यातल्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोचवला. बाबासाहेबांनी तो लढा पुढे नेला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा देता आली आणि पुढच्याच वर्षी मुली आमच्या समोरच्या त्या फाटकातून आत गेल्या. निकष दगडावर कोरलेले नसतात. ज्यांना ते अडवतात त्यांनी कारण विचारले की ते हलतात.

पण आधी घरातले बोलू. डाग दिसताच शेजारच्या आजींनी निदान केले: ‘मासे खाऊन वर दूध प्याला असेल.’ कोणी म्हणाले मटण बंद करा, कोणी म्हणाले आंबट बंद करा. गंमत बघा, प्रत्येक पथ्य आपल्याच ताटातल्या वस्तूवर येऊन थांबते. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येते याला काहीही आधार नाही. तसे असते तर अख्खी कोकणपट्टी पांढरी झाली असती.

मग हे होते कशाने? आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. शरीराची जी रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढते, तीच काही माणसांत या पेशींना शत्रू समजून मारू लागते. पेशी मेल्या की रंग बनत नाही, तिथे पांढरा डाग पडतो. व्हिटिलिगो तो हाच. यात जंतू नाही, म्हणून तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने लागत नाही. जगात दर दोनशे माणसांमागे एक-दोघांना असतो, काळ्या-गोऱ्या सगळ्यांना. आपल्या सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो एवढाच फरक. निम्म्या लोकांना विशीच्या आतच सुरू होतो. आणि ज्यांना होतो त्यांपैकी बहुतेकांच्या घरात आधी कोणालाही नसतो. मनूने ‘कुळ’ टाळायला सांगितले, पण हा रोग बहुतेक वेळा कुळ विचारून येतच नाही.

आईने पहिल्यांदा नेले ते एका जडीबुटीवाल्याकडे. त्याने बावचीचे तेल दिले आणि लावून उन्हात बसायला सांगितले. आम्ही धरणाच्या कडेला चांगले तासभर बसलो. संध्याकाळी ओठ सुजला, बोटांवर पाण्याचे फोड आले. बावची हे थोतांड नाही, हे मुद्दाम सांगतो. तिच्या बियांत सोरॅलेन नावाचे द्रव्य असते, ते कातडीला उन्हासाठी हळवे करते. त्याच तत्त्वावर डॉक्टर सोरॅलेन आणि अल्ट्राव्हायोलेट किरणांचा उपचार कित्येक वर्षे देत आले आहेत, पण मोजून. किती द्रव्य, किती सेकंद प्रकाश, किती दिवसांनी, हे सगळे ठरलेले असते. आमच्या तेलवाल्याकडे मोजमाप नव्हते. ‘आपले ते सगळे खोटे’ आणि ‘आपले ते सगळे प्राचीन विज्ञान’ अशी दोन टोके आपल्याकडे भांडत असतात. फोड आलेल्या ओठाने सांगतो, प्रश्न फक्त मापाचा आहे.

नंतर आम्ही शहरातल्या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी अंधाऱ्या खोलीत निळसर दिव्याखाली हात बघितला, डाग त्या दिव्यात खडूसारखे चमकले. त्यांनी विचारले: डाग वाढतायत का, घासल्या-खरचटल्याजागी नवे येतात का, डागातले केस पांढरे झालेत का. थायरॉइडची रक्ततपासणी लिहून दिली, कारण या दोन्ही गोष्टी पुष्कळदा जोडीने असतात. मग सांगितले की हा कधी थांबेल, कधी वाढेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, पण लवकर आलात तर बरेच करता येते.

काय करता येते ते नीट ऐका, कारण व्हॉट्सअॅपवर ‘२१ दिवसांत कोड गायब’ वाले फिरत असतात. सुरुवातीच्या थोड्या डागांना स्टिरॉइडचे किंवा टॅक्रोलिमसचे मलम. स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. मेडिकलवाल्याकडून मनाने आणून महिनोन्‌महिने चोळले तर कातडी कागदासारखी पातळ होते, त्यावर लाल शिरा दिसतात. डाग झपाट्याने पसरत असतील तर ते थांबवायला काही काळ आठवड्यातून दोन दिवस गोळ्या देतात. डाग जास्त असतील तर नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांच्या पेटीत उभे राहायचे, आठवड्यातून दोन-तीन वेळा. वर्षभर एकही डाग वाढला नसेल, तर रंगाच्या पेशी मांडीच्या कातडीतून काढून डागावर बसवायची शस्त्रक्रियाही होते. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये रुक्सोलिटिनिब नावाचे मलम या रोगासाठी मंजूर झाले, पण त्याची किंमत सध्या आपल्या खिशाला पेलणारी नाही.

आम्हाला पेटी सांगितली. पेटीतले काम काही मिनिटांचे, पण खडकवासल्याहून शहरात जायचे म्हणजे सिंहगड रस्त्याची गर्दी, दोन बस आणि रांग. अर्धा दिवस जातो. आठवड्यातून तीन अर्धे दिवस. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याने दीड दिवसाची मजुरी कोणाकडे मागायची? ‘रुग्ण उपचार अर्धवट सोडतात’ असे डॉक्टर लोक म्हणतात. सोडतात, कारण उपचार आपल्याकडे येत नाही. २०२१ मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत आले, कर आला. किरणांची पेटी अजून इकडे कुठे आलेली आम्ही पाहिली नाही. आंदोलनासाठी मुद्दे शोधणाऱ्या तरुणांना हा एक घ्या.

आम्ही नऊ महिने गेलो. पहिले तीन महिने काहीच दिसले नाही आणि याच टप्प्यावर बहुतेक जण कंटाळतात. चौथ्या महिन्यात ओठाच्या डागात, मिशीच्या केसांच्या मुळाशी मोहरीएवढे तपकिरी ठिपके उगवले. केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा असतो, रंग तिथूनच परत येतो. म्हणून चेहरा लवकर भरतो. बोटांच्या पेरांवर, टोकांवर तो साठा जवळजवळ नसतो. आमचा ओठ भरला, बोटे पांढरी ती पांढरीच राहिली. त्या बोटांनीच हे टाइप करतो आहोत.

डागांचे आणखी एक कारण आपल्या कामगार वस्त्यांनी ओळखले पाहिजे. काही रसायने थेट रंगपेशी मारतात. १९३९ साली अमेरिकेत कातडे कमावण्याच्या कारखान्यातले कामगार हातावर पांढरे डाग घेऊन डॉक्टरांकडे आले आणि तपासात कळले की दोष त्यांच्या रबरी हातमोज्यांतल्या रसायनाचा आहे. आपल्याकडे बायकांच्या कपाळावर टिकलीच्या गोलाएवढाच पांढरा डाग दिसतो तो टिकलीच्या डिंकातल्या अशाच रसायनाचा असतो. स्वस्त रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर पट्ट्याच्याच आकाराचा डाग उठतो. आकार वस्तूसारखा असेल तर ती वस्तू आधी बंद करा आणि दवाखाना गाठा. मग कोणाच्या पूर्वजन्माची चौकशी करायची गरज उरत नाही.

पूर्वजन्माचे सहज नाही म्हटले. मनूच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता रोग होतो त्याची यादी आहे आणि त्यात वस्त्र चोरणाऱ्याला श्वित्र होते असे आहे. म्हणजे आमच्याकडे बघणाऱ्याने समजायचे की हा मागच्या जन्मीचा कपडेचोर! हसू येते, पण वस्तीतली एखादी म्हातारी ‘कुणाचं तरी वाईट केलं असणार’ म्हणते तेव्हा ती मनूचेच बोलत असते, तिला मनू माहीत नसला तरी.

आता एक प्रश्न आपल्या बाजूचा. विनयपिटकात महावग्गात पाच रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे आणि त्यात ‘किलास’ येतो. किलास या शब्दाचा जुना अर्थ पांढरे डाग असाच लावला जातो. हे लपवायचे का? आम्हाला ते योग्य वाटत नाही. नियमामागची हकीकत तिथेच दिलेली आहे. मगधात हे रोग पसरले होते, लोक जीवकाकडे येत, पण जीवक राजा बिंबिसार आणि संघ यांच्या उपचारातच गुंतलेला. मग लोक केवळ उपचार मिळावा म्हणून भिक्खू होऊ लागले आणि बरे होताच चीवर टाकून परतू लागले. म्हणजे कारण एका वैद्याच्या अंगावर पडलेल्या भाराचे आहे, पापाचे किंवा विटाळाचे नाही. तरीही दार बंद झाले ते रोग्याचेच, हे आम्ही नाकारत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना काय पुढे ठेवले ते बघा. उपाली न्हावी, सुनीत भंगी, सोपाक आणि सुप्पिय हे अस्पृश्य यांच्या धम्मदीक्षा ज्या भागात आहेत, त्याच भागात सुप्रबुद्ध कुष्ठरोग्याची दीक्षा आहे. रोगाने बाहेर काढलेला आणि जातीने बाहेर काढलेला बाबासाहेबांनी शेजारी शेजारी बसवले. आणि मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी, ही कल्पना त्याच ग्रंथात त्यांनी साफ नाकारली.

इथेच आमचा खरा मुद्दा आहे. पांढऱ्या डागांविषयी जनजागृती करणारे जवळजवळ सगळे जण एक वाक्य आधी म्हणतात: ‘हा कुष्ठरोग नाही, म्हणून घाबरू नका.’ माहिती म्हणून ते बरोबर आहे. कुष्ठरोग जंतूने होतो, त्याच्या चट्ट्यात बधिरता असते. आमच्या डागाला मुंगी चावलेलीही कळते. ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द म्हणूनच टाकून द्यायला हवा. ‘कोड’ हाही कुष्ठावरूनच आलेला, हिंदीत तर कोढ म्हणजे कुष्ठरोगच. आम्ही कोड म्हणतो कारण आमची आई तेच म्हणते, ज्यांना टोचते त्यांनी पांढरे डाग म्हणावे. पण ‘आम्ही ते नाही’ या वाक्याचा आवाज ओळखीचा वाटत नाही का? आम्ही महार, पण त्यांच्यापेक्षा वर. आम्ही अमके, पण तमक्यांच्या हातचे पाणी पीत नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच: प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी हवा. डागवाल्याने कुष्ठरोग्याला खाली ढकलून मिळवलेली प्रतिष्ठा आम्हाला नको. कुष्ठरोगाची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची असतात आणि ती सुरू झाली की थोड्याच काळात रोगी दुसऱ्याला रोग देण्याच्या स्थितीत राहत नाही. मग त्याला वाळीत कोणत्या तर्काने टाकायचे?

पुण्यात या विषयावर काम झालेले आहे, ते मान्य केले पाहिजे. स्वतः डॉक्टर असलेल्या आणि स्वतःच्या अंगावर डाग असलेल्या माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली, लोकांना एकत्र बसवून बोलते केले. २००६ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर आला. तो जरूर बघा. फक्त बघताना लक्षात ठेवा की त्यातले सुशिक्षित घर आपल्या वस्तीतले नाही. तिथे डाग हा एकच प्रश्न असतो. आपल्याकडे तो जात, भाड्याची खोली आणि बुडालेली मजुरी यांच्यावर येऊन बसतो.

२५ जूनला जागतिक व्हिटिलिगो दिन असतो. तो मायकल जॅक्सनचा स्मृतिदिन. काळा माणूस गोरा व्हायला निघाला, म्हणून जगाने त्याची टिंगल केली. १९९३ मध्ये टीव्हीवर त्याने हा कातडीचा आजार आहे असे सांगितले, तरी लोकांनी मानले नाही. २००९ मध्ये शवविच्छेदनात तेच निघाले. गोरे करणाऱ्या क्रीमवर पैसे उडवणारा समाज पांढऱ्या डागाला घाबरतो, हा विनोद आम्हाला रोज आरशात दिसतो.

त्या फॉर्मवरून आमच्या मंडळात वाद चालू आहे. काही जण म्हणतात, रकाना काढला तर लोक लपवतील. आमचे म्हणणे, लपवू नका, पहिल्याच भेटीत बाह्या वर करून दाखवा, आम्हीही तेच करतो. पण ते माणसाने माणसाला सांगायचे असते, समितीने गाळणी लावायची नसते. बैठक दोनदा झाली, निर्णय झाला नाही. वर्गणीवर मात्र एकमत झाले.

दरम्यान महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही तासभर बसतो, ज्याला अंगावरचे काही दाखवायचे आहे त्याने यावे. आम्ही डॉक्टर नाही, फक्त योग्य दारापर्यंत नेतो. मागे बांधकामावरचा एक तरुण आला. दंडावर फिकट चट्टा, ‘दादा, मला तुमच्यासारखं कोड झालंय’ म्हणाला. कापसाचा बोळा फिरवला तर त्याला चट्ट्यात काही कळेना. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात नेले, कुष्ठरोग निघाला. गोळ्यांचे पहिले पाकीट तिथेच त्यांच्यासमोर घेतले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘आता विहारात येऊ का नको?’ त्या रविवारी तो आला. सतरंजीवर त्याच्या बाजूची जागा पहिली दहा मिनिटे रिकामी राहिली, मग बारावीतली एक मुलगी तिथे जाऊन बसली. सध्या त्याचे चौथे पाकीट चालू आहे.